साहित्यकृती आणि वाद्यवृंदसंगीत : शब्दांवाचून अर्थ कसा पोहोचतो?

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• साहित्यकृतीवरून रचलेल्या वाद्यवृंदसंगीताची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• साहित्यकृतीतील कोणते घटक शब्दांवाचून संगीतात जाऊ शकतात आणि कोणते जाऊ शकत नाहीत, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• अभिधा व व्यंजना या परिचित संकल्पनांचा उपयोग दुसऱ्या कलेच्या आकलनासाठी करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर या संकल्पना आपल्या परिचयाच्या आहेत. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा पात्रांची नावे बदलली, स्थळ बदलले, भाषा बदलली. पण एका भाषेची जागा दुसऱ्या भाषेनेच घेतली. मूळ नाटकात शब्द होते आणि नव्या नाटकातही शब्दच होते. आता अशी कल्पना करा की, साहित्यकृती ज्या माध्यमात न्यायची आहे त्या माध्यमात शब्दच नाहीत. तेथे ‘राजा’ म्हणता येत नाही, ‘काल’ म्हणता येत नाही, ‘नाही’ म्हणता येत नाही. अशा माध्यमात साहित्यकृतीचे काय शिल्लक राहील?

आपल्याकडे साहित्य आणि संगीत यांचे नाते जुने आहे. अभंग, कीर्तनातील पदे, लावणी, नाट्यपद, भावगीत या सर्वांत संगीत काव्याच्या सोबतीने येते. शब्द तेथे प्रत्यक्ष उपस्थित असतो आणि स्वर त्याला उठाव देतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील संगीतकारांनी मात्र वेगळा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. त्यांनी नाटके, दीर्घकाव्ये, कथा यांवरून केवळ वाद्यांच्या रचना केल्या. आपल्या कालिदासाचे ‘शाकुंतल’ही त्यातून सुटले नाही. कार्ल गोल्डमार्क यांची ‘शकुंतला’ ही वाद्यवृंदरचना १८६५ मधील आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या संगीताकडे का वळावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. साहित्यकृतीतून शब्द वजा केल्यावर जे उरते ते नेमके काय असते, हे या रचनांमध्ये तपासून पाहता येते. साहित्याच्या स्वरूपाविषयीचाच हा प्रश्न आहे.

३. विषय-विवेचन

३.१ पार्श्वभूमी

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिनच्या कुळातील तंतुवाद्ये, बासरी-क्लॅरिनेट-बसून यांसारखी सुषिरवाद्ये, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन यांसारखी पितळी वाद्ये आणि तालवाद्ये एकत्र वाजतात. सर्व वादक लिखित स्वरलिपीबरहुकूम वाजवतात. एकाच वेळी अनेक वेगवेगळ्या स्वरावली ऐकू येणे हे या संगीताचे वैशिष्ट्य होय. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३४ मध्ये बायरनच्या दीर्घकाव्यातील नायक हॅरोल्ड एका व्हियोलाकडे सोपवला. १८३९ मध्ये त्यांनी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वर एक विस्तृत रचना केली. तिच्यात गायक आहेत, समूहगान आहे. पण दोन प्रेमिकांचा मुख्य प्रसंग आला की, गायक गप्प बसतात आणि केवळ वाद्ये बोलतात. शब्द अर्थाला बांधून ठेवतात, वाद्यांची भाषा अधिक मोकळी आहे, असे समर्थन त्यांनी प्रस्तावनेत केले. हंगेरीत जन्मलेले फ्रान्झ लिस्ट यांनी पुढे ‘सिंफनिक पोएम’ हा प्रकार रूढ केला. त्याला आपण ‘वाद्यवृंदकाव्य’ म्हणू. लिस्ट यांनी अशा एकूण १३ रचना केल्या.

या प्रवाहाला विरोधही झाला. व्हिएन्नातील समीक्षक एडुआर्ड हान्स्लिक यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, संगीताचा आशय म्हणजे गतिमान स्वराकृतीच होत. कथा, पात्रे, विशिष्ट भावना या गोष्टी संगीत दाखवू शकत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पुढील प्रत्येक उदाहरण त्याच्याशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल.

३.२ शीर्षकाचे कार्य : ‘ले प्रेल्यूद’

हान्स्लिक यांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा लिस्ट यांच्याच एका रचनेत मिळतो. ‘ले प्रेल्यूद’ ही रचना १८५४ मध्ये वायमार येथे प्रथम सादर झाली. फ्रेंच कवी लामार्तीन यांच्या कवितेचे नाव तिला दिलेले आहे. मानवी जीवन, प्रेम, वादळ, निसर्गाच्या कुशीतील विसावा आणि संघर्ष असा क्रम श्रोत्यांना तिच्यात सहज ऐकू येतो. परंतु या संगीताचा उगम दुसऱ्याच कवीच्या शब्दांशी जोडलेला आहे. जोझेफ ओत्रां यांच्या कवितांवर लिस्ट यांनी आधी समूहगाने रचली होती. त्या गानांसाठीच्या सामग्रीतून ही रचना घडली आणि लामार्तीन यांचे नाव तिला नंतर लाभले.

या उदाहरणाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, नाझी जर्मनीच्या नभोवाणीने याच रचनेतील पितळी वाद्यांचा एक तुकडा रशियाच्या आघाडीवरील विजयवार्तांची नांदी म्हणून वाजवला. स्वर तेच होते. मात्र जीवनाविषयीच्या चिंतनाच्या जागी युद्धाची घोषणा आली. लिस्ट यांच्या मृत्यूला तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. त्यांचे स्वर या वापराला नकार देऊ शकत नव्हते.

यातून कोणता निष्कर्ष काढावा? आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, वाद्यसंगीताला अभिधा नाही. ‘गाय’ हा शब्द उच्चारताच विशिष्ट प्राण्याचा बोध होतो, तसा कोणताही ठरीव वाच्यार्थ स्वराला नसतो. अभिधेचे काम बाहेरून येते. शीर्षक, प्रस्तावना, नभोवाणीवरील निवेदन ते करतात. म्हणूनच ‘संगीत ही विश्वभाषा आहे’ हे वाक्य आपण सावधपणे वापरावे. भाषेत ज्याला आपण वाच्यार्थ म्हणतो, तो संगीताला उसना घ्यावा लागतो आणि उसना देणारा प्रत्येक वेळी सद्हेतूचाच असेल असे नाही.

मग संगीताकडे स्वतःचे असे काही आहे का? नवव्या शतकातील काश्मीरचे आचार्य आनंदवर्धन यांनी ‘ध्वन्यालोका’त व्यंजना ही अभिधेहून वेगळी शक्ती आहे, हे सिद्ध करताना गीताच्या स्वरांचाच दाखला दिला आहे. गीताच्या ध्वनीला वाच्यार्थ नसतो, तरी त्यातून रस अभिव्यक्त होतो. म्हणजे वाचकत्व नसलेल्या ठिकाणीही व्यंजकत्व असू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हान्स्लिक यांच्या आक्षेपाला येथे अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे उत्तर पुढील पाच रचनांतून शोधू.

३.३ घटना : ‘शिकाऊ जादूगार’

जर्मन कवी गटे यांनी १७९७ मध्ये एक कथाकाव्य लिहिले. जादूगार बाहेर गेलेला असताना त्याचा शिष्य मंत्र म्हणून झाडूला पाणी भरायला लावतो. थांबवण्याचा मंत्र मात्र त्याला आठवत नाही. घरात पाणी वाढू लागते. घाबरलेला शिष्य कुऱ्हाडीने झाडूचे दोन तुकडे करतो, तर दोन्ही तुकडे पाणी भरू लागतात. शेवटी गुरू येऊन सारे आवरतो. या कवितेवर फ्रेंच संगीतकार पॉल द्यूका यांनी १८९७ मध्ये वाद्यवृंदरचना केली. डिस्ने यांच्या १९४० मधील ‘फँटेशिया’ चित्रपटात मिकी माउस याच संगीतावर झाडूंना कामाला लावतो.

द्यूका यांच्या रचनेत झाडूची स्वराकृती बसून या वाद्यावर, अडखळत चालल्यासारखी येते. ती पुनःपुन्हा येते, दर वेळी अधिक वाद्ये तिच्यात सामील होतात, आवाज वाढत जातो. मग एक प्रचंड आघात होतो आणि शांतता पसरते. त्या शांततेतून अगदी खालच्या स्वरात तीच आकृती पुन्हा हलू लागते आणि थोड्याच वेळात दुसरे वाद्य तीच आकृती घेऊन तिच्या पाठोपाठ निघते. एकाचे दोन झाले, हे श्रोत्याला शब्दांवाचून कळते.

‘झाडू’ हा अर्थ येथे संगीताने दिलेला नाही. तो शीर्षकाने दिला. संगीताने घटनेचा आकार दिला. सुरुवात, पुनरावृत्ती, वाढ, तुटणे आणि दुप्पट होऊन परतणे हा तो आकार होय. कथानकाच्या अभ्यासात आपण ‘घटना’ आणि ‘घटनांची रचना’ असा भेद करतो. संगीतात पोहोचते ती रचना.

३.४ निवेदक : ‘शहरजाद’

कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे अरबी भाषेतील सुरस कथा मराठी वाचकांना एकोणिसाव्या शतकातच ओळखीच्या झाल्या. त्या कथांची चौकट आपण जाणता. दर रात्री विवाह करून सकाळी पत्नीला ठार करणाऱ्या सुलतानाला शहरजाद कथेत गुंतवून ठेवते आणि स्वतःचा जीव वाचवते. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव यांनी १८८८ मध्ये या विषयावर चार भागांची रचना केली.

प्रारंभी पितळी आणि खर्जातील वाद्ये एक कठोर, दरडावणारी स्वराकृती वाजवतात. तिच्यानंतर हार्पच्या साथीने एकटे व्हायोलिन नाजूक, वळणावळणाची आकृती वाजवते. श्रोता पहिलीला सुलतान आणि दुसरीला शहरजाद समजतो. हे व्हायोलिन पुढे मधूनमधून परत येते, जणू ‘आणि मग’ म्हणत नवी गोष्ट सुरू करते. कथेच्या आतील पात्रे आणि कथा सांगणारी व्यक्ती हा निवेदनशास्त्रातील भेद येथे वाद्याच्या एकटेपणातून दाखवला आहे. रचनेच्या शेवटी सुलतानाची तीच आकृती मंद आणि शांत होऊन येते. व्हायोलिन सर्वांत उंच स्वरावर जाऊन विरते. सुलतान बदलला, हे वाक्य कोणीही उच्चारलेले नसते.

संगीतकाराने प्रारंभी चारही भागांना कथासूचक शीर्षके दिली होती; पुढील आवृत्तीत ती काढून टाकली. श्रोत्याच्या कल्पनेला केवळ दिशा द्यावी, तिला बांधून टाकू नये, अशी त्यांची भूमिका होती. अभिधा किती उसनी घ्यावी, याचे भान येथे दिसते.

३.५ नकार : ‘फाउस्ट सिंफनी’

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत कुतूहल वाटावे असा प्रश्न आता पाहू. मराठीत नाही, नको, नव्हे, नये असे नकाराचे अनेक प्रकार आहेत. मानवी भाषांमध्ये नकार व्यक्त करण्याची सोय असते. चित्राला आणि संगीताला मात्र ती नाही. ‘येथे घोडा नाही’ हे चित्रात काढता येत नाही. ‘हे खरे नव्हे’ हे स्वरात वाजवता येत नाही.

गटे यांच्या ‘फाउस्ट’मध्ये तर नकार हाच मेफिस्टोफेलिस या सैतानी पात्राचा स्वभाव आहे. लिस्ट यांची ‘फाउस्ट सिंफनी’ १८५७ मध्ये वायमार येथे, गटे आणि शिलर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी सादर झाली. तिच्या तीन भागांना फाउस्ट, ग्रेटखेन आणि मेफिस्टोफेलिस अशी पात्रांची नावे आहेत. पहिल्या भागाची सुरुवातच अशी आहे की, सप्तकातील बाराही स्वर येऊन जातात आणि कोणताही एक स्वर षड्ज म्हणून स्थिरावत नाही. ज्ञानाच्या शोधात अस्वस्थ झालेल्या विद्वानासाठी ही योजना किती अर्थपूर्ण आहे, हे वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या भागात मेफिस्टोफेलिसला लिस्ट यांनी जवळजवळ स्वतःची अशी स्वराकृतीच दिली नाही. तो फाउस्टच्या आकृती उचलतो आणि त्यांची लय मोडून, उड्या मारत, खिदळत वाजवतो. पहिल्या भागात जे भव्य आणि उत्कट होते, तेच येथे विडंबन होऊन समोर येते. ग्रेटखेनची आकृती मात्र या भागात अविकृत राहते. तिच्यावर त्याची सत्ता चालत नाही.

संगीताला ‘नाही’ म्हणता येत नाही, पण आधी ऐकवलेली गोष्ट विकृत करून दाखवता येते. म्हणजे येथे नकारासाठी स्मृती लागते. पहिला भाग लक्षपूर्वक ऐकला नसेल तर तिसऱ्या भागातील नकार ऐकूच येणार नाही. मूळ कविता माहीत नसलेल्या वाचकाला विडंबनकाव्य निरर्थक वाटते, त्यामागेही हेच कारण आहे.

३.६ उपरोध : ‘डॉन किहोते’

सर्व्हांतेस यांची ‘डॉन किहोते’ ही स्पॅनिश कादंबरी १६०५ आणि १६१५ अशी दोन भागांत प्रसिद्ध झाली. रिचर्ड स्ट्राउस यांची तिच्यावरील रचना १८९८ मध्ये प्रथम सादर झाली. तिच्यात भ्रमिष्ट सरदार मुख्यतः चेलोवर आणि त्याचा सेवक सांचो मुख्यतः व्हियोलावर येतो. एकाच आकृतीची १० परिवर्तने म्हणजे नायकाची एकामागून एक साहसे होत.

सातव्या परिवर्तनाकडे विशेष लक्ष द्यावे. कादंबरीत एक उमराव आणि त्याची पत्नी थट्टेने डोळे बांधून या दोघांना लाकडी घोड्यावर बसवतात आणि भात्याने वारा घालतात. आपण आकाशातून उडत आहोत असे त्यांना वाटते. स्ट्राउस यांच्या वाद्यवृंदात वरच्या स्वरांत झेपा आहेत, रंगभूमीवर वापरले जाणारे वाऱ्याचे यंत्रही घोंघावते. मात्र खर्जात एकच स्वर तंबोऱ्याच्या षड्जासारखा अखंड धरून ठेवलेला आहे. तो जागचा हलत नाही, कारण घोडा जमिनीवरून हललेलाच नाही.

भाषेत शब्द एकामागून एक येतात. सर्व्हांतेस यांना नायकाचा भ्रम आणि वस्तुस्थिती ही वेगवेगळ्या वाक्यांत सांगावी लागते. वाद्यवृंद दोन्ही एकाच क्षणी ऐकवतो. माध्यम बदलताना नेहमी काहीतरी गमावलेच जाते, असा आपला समज असतो. येथे उपरोधाच्या बाबतीत काही मिळालेलेही दिसते.

३.७ संदिग्धता : ‘फॉनच्या दुपारची पूर्वछटा’

स्तेफान मालार्मे यांची १८७६ मधील कविता ११० ओळींची आहे. ग्रीक-रोमन पुराणकथांमधील फॉन म्हणजे अर्धा मनुष्य, अर्धा बोकड असलेला वनदेव. उन्हाळी दुपारी तो जागा होतो आणि आपण पाहिलेल्या अप्सरा खऱ्या होत्या की स्वप्नातल्या, हे त्याला ठरवता येत नाही. क्लोद दबुसी यांची तिच्यावरील रचना १८९४ मध्ये पॅरिसला सादर झाली. तीही ११० मात्राखंडांची आहे.

रचनेच्या आरंभी बासरी एकटीच वाजते. तिचे स्वर सावकाश खाली सरकतात आणि पुन्हा वर येतात. कोणता स्वर आधाराचा, हे कळत नाही. पुढे तीच आकृती अनेकदा परतते. परंतु दर वेळी तिच्याखालची स्वरसंगती वेगळी असते. आठवण तीच, पण तिचा अर्थ दर वेळी निराळा, असा अनुभव येतो. येथे कथा नाही, संघर्ष नाही. ‘असेल की नसेल’ ही मनाची अवस्था तेवढी कवितेतून संगीतात आली आहे. मालार्मे यांनी ही रचना ऐकली आणि तिचे कौतुक केले.

३.८ अशा रचना कशा ऐकाव्यात?

पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण नसले तरी आपल्याला हा अभ्यास करता येईल. या सर्व रचना आंतरजालावर ऐकायला मिळतात. सुरुवात द्यूका यांच्या रचनेपासून करावी. ती सुमारे १० ते १२ मिनिटांची आहे. पहिल्यांदा कथा विसरून केवळ ऐकावे आणि कोणती आकृती परत येते तेवढे टिपून ठेवावे. नंतर कथा वाचून पुन्हा ऐकावे. तिसऱ्या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला जे कळले त्यातील किती शीर्षकाने सांगितले आणि किती स्वरांनी? नोकरी, घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एवढा वेळ दोन-तीन संध्याकाळींत विभागून सहज काढता येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१) ‘ले प्रेल्यूद’ या रचनेच्या इतिहासातून शीर्षकाचे कोणते कार्य लक्षात येते?
२) ‘फाउस्ट सिंफनी’त नकार कसा सूचित झाला आहे?

४. सारांश

साहित्यकृती वाद्यवृंदात जाते तेव्हा नावे, वस्तू, काळ, विधाने मागे राहतात. या अर्थाने हान्स्लिक यांचा आक्षेप खरा आहे. परंतु घटनांची रचना, निवेदकाचे वेगळेपण, नकार, उपरोध आणि संदिग्धता या गोष्टी आकृतीच्या पुनरावृत्तीतून, विकृतीतून आणि एककालिकतेतून सूचित होतात. अभिधा शीर्षकाकडून येते, व्यंजना स्वरांकडून. आणि दोन्ही जुळवण्याचे काम श्रोता करतो. साहित्यातही केवळ शब्दार्थ म्हणजे साहित्य नव्हे. शब्दार्थ बाजूला काढल्यावरही जी रचना उरते, ती या संगीतात वेगळी करून ऐकता येते.

५. स्वाध्याय

१) वाद्यसंगीताला अभिधा नाही, या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) भाषेची क्रमबद्धता आणि वाद्यवृंदाची एककालिकता यांतील फरक ‘डॉन किहोते’च्या आधारे स्पष्ट करा.
३) आपल्या अभ्यासक्रमातील एखादी मराठी कथा निवडा. तिच्यावर केवळ वाद्यांची रचना करायची झाल्यास तिच्यातील काय पोहोचेल आणि काय पोहोचणार नाही, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.